अर्जुनसालीचा काढा आणि छातीतली कळ : प्रस्तावना

अर्जुनाच्या सालीने छातीतलं दुखणं थांबतं का, हा प्रश्न ठाण्याच्या बाळकुमात मला दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, रिक्षाच्या रांगेत, कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. गावठाणातली जुनी आगरी-कोळी माणसं सांगतात, आमच्या आजीने जन्मभर काढा घेतला, तिला कधी काही झालं नाही. कोलशेत रस्त्यावरच्या नव्या टॉवरांत राहायला आलेली तरुण मंडळी म्हणतात, हे सगळं थोतांड आहे. दोघंही ठाम असतात, आणि अर्जुनाचा माणसांवर झालेला एकही अभ्यास दोघांपैकी कुणी वाचलेला नसतो. ते अभ्यास काय सांगतात, किती सांगतात आणि कुठे गप्प बसतात, हे घरातल्या माणसाला समजेल अशा भाषेत मांडावं म्हणून ही पुस्तिका काढली आहे.

एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण प्रस्तावना अर्धी वाचून पुस्तक ठेवून देणारे पुष्कळ असतात. छातीत आत्ता दुखत असेल, दडपल्यासारखं वाटत असेल, कळ डाव्या हातात, पाठीत किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर पुस्तिका मिटा आणि १०८ ला फोन करा, किंवा जिथे लगेच ईसीजी निघतो अशा जवळच्या रुग्णालयात जा. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना पुष्कळदा कळ येतच नाही; नुसती धाप लागते, मळमळतं, एकाएकी गळून गेल्यासारखं होतं. तेही तितकंच गंभीर समजा. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली की स्नायू मरायला सुरुवात होते. ती उघडण्याचं औषध किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर होईल तितका स्नायू वाचतो. कापूरबावडी-माजिवड्याची वाहतूक ज्याने पाहिली आहे त्याला घरात काढा उकळण्यात गेलेल्या अर्ध्या तासाची किंमत वेगळी सांगायला नको. पुढची सगळी चर्चा जुन्या, डॉक्टरांनी तपासून निदान केलेल्या, चढावर किंवा जिन्यावर येणाऱ्या आणि थांबलं की ओसरणाऱ्या दुखण्याची आहे. त्याला आपण अंजायना म्हणतो.

आता सालीकडे वळू. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी मध्यंतरी पिशवीतून खाकी कागदाचा पुडा काढून टेबलावर ठेवला. ‘डॉक्टर, हीच साल ना?’ मी ती कागदावर पसरली. काही तुकडे पातळ, बाहेरून करडे-पांढरट, गुळगुळीत, आतून फिकट गुलाबी. काही मात्र जाड, काळपट आणि मगरीच्या पाठीसारखे खोल भेगांचे. पहिले अर्जुनाचे. दुसरे ऐनाचे असावेत असं मला वाटलं. ऐन हा अर्जुनाचा सख्खा भाऊबंद, येऊरच्या जंगलात वाटेवर भेटणारा. अर्जुनाला मात्र ओढ्याकाठची, नदीकाठची ओल आवडते. पुष्कळ भागांत दोन्ही झाडांना लोक सादडाच म्हणतात. बाजारात अर्जुनसालीत ऐनाची साल मिसळली जाते हे औषधी वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांना जुनं माहीत आहे. आजींनी विकत घेतलेल्या एका पुड्यात दोन झाडं निघाली. त्यांना गुण आला असता तर तो कुणाचा म्हणायचा, आणि आला नसता तर दोष कुणाला द्यायचा?

काढा कसा करता, असं त्यांना विचारलं. चमचाभर भुगा पेलाभर पाण्यात उकळायचा, अर्धं उरलं की गाळायचं. त्यांची सून तोच भुगा चहात टाकते. ग्रंथातली रीत यांहून वेगळी आहे. अर्जुनाचा क्षीरपाक करताना एक भाग साल, आठ भाग दूध आणि बत्तीस भाग पाणी घेऊन, पाणी आटून दूध तेवढं उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचं असतं. सालीत टॅनिनं भरपूर असतात, तीच तोंडाला तुरटपणा आणतात. दुधातली प्रथिनं ती धरून ठेवतात. म्हणजे नुसत्या पाण्याचा काढा, दुधातला पाक, अर्जुनारिष्टाची बाटली आणि सालीच्या अर्काची कॅप्सूल या चार वेगवेगळ्या वस्तू आहेत. पुरावा तोलायला बसताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : तपासलं होतं ते नेमकं काय, आणि मी घेतो आहे ते तेच आहे का?

ग्रंथांचा आधार सरसकट पुढे केला जातो, म्हणून त्याबद्दलही नीट बोललं पाहिजे. चरकसंहितेत हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांचा एक गण आहे. त्यात आंबा आहे, करवंद आहे, बोर आहे, डाळिंब आहे, महाळुंग आहे. अर्जुन नाही. अर्जुनाचा हृदयरोगाशी संबंध वाग्भटापासून ठळक होतो आणि अकराव्या शतकातल्या चक्रदत्त या ग्रंथात अर्जुनसिद्ध दूध येतं. यात आयुर्वेदाचा कमीपणा मुळीच नाही. उलट यावरून दिसतं की ही परंपरा स्वतःच शतकानुशतकं भर घालत, निवड करत आली. पण ग्रंथकारांच्या समोर होता तो पाच प्रकारांचा हृद्रोग : वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्ही दोषांचा आणि कृमींचा. रक्तवाहिनीत साठलेली चरबी, तिच्यावर धरलेली रक्ताची गुठळी, ईसीजीतली उंचावलेली रेघ हे त्यांच्यासमोर नव्हतं. त्यांच्या वचनाचा अर्थ त्यांच्या चौकटीत लावला पाहिजे. ते वचन उचलून आजच्या ब्लॉकेजवर चिकटवणारा त्यांचा मान राखत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ‘मला गुण आला’ या अनुभवाचं काय? त्याला मी खोटं म्हणत नाही. दुखणं कमी झालं असं माणूस सांगतो तेव्हा ते खरंच कमी झालेलं असतं. प्रश्न असतो तो कशामुळे. छातीत दुखतं म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळांचं दुखणं हृदयाचं नसतंच. आम्लपित्त असतं, बरगड्यांच्या सांध्यांची सूज असते, जड सामान उचलून ताणलेला स्नायू असतो, भीतीने आवळलेली छाती असते. ही दुखणी बहुधा आपोआपही थांबतात. त्या दिवसांत काढा चालू असेल तर श्रेय काढ्याला जातं. खऱ्या अंजायनालाही चढउतार असतात. माणूस औषध शोधतो तो दुखणं सगळ्यात वाईट असतानाच, आणि तिथून पुढे ते थोडं तरी उतरणारच असतं. शिवाय काढा सुरू केलेला माणूस त्याच आठवड्यात विडी कमी करतो, रात्रीचं तळण टाळतो, सकाळी खाडीच्या बाजूने फेरी मारू लागतो. आणि या सगळ्यावर विश्वासाचा परिणाम असतो, जो आपण समजतो त्याहून फार मोठा आहे.

तो किती मोठा, हे दाखवणारा प्रयोग अंजायनावरच झालेला आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत अंजायनासाठी एक शस्त्रक्रिया जोरात होती. छातीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या दोन रोहिण्या बांधल्या की हृदयाकडे जास्त रक्त वळतं, असं सर्जन मानत. रुग्ण खूश होते, नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या कमी लागत होत्या. सिएटलच्या लिओनार्ड कॉब यांनी १७ रुग्ण घेतले. टेबलावर छातीला चीर देऊन रोहिणी उघडी केली की सर्जनच्या हातात चिठ्ठीचा लिफाफा दिला जाई. काहींची रोहिणी खरोखर बांधली, बाकीच्यांची चीर तशीच शिवून टाकली. कुणाचं काय झालं ते रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि नंतर त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. १९५९ साली निकाल छापून आला. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला होता. ती शस्त्रक्रिया त्यानंतर मागे पडली. नुसती चीर माणसाच्या छातीतली कळ कमी करू शकते, तर श्रद्धेने घेतलेला तुरट, लालसर काढा का नाही करणार?

हाच कस आजच्या महागड्या उपचारांनाही लावला गेला आहे, हे इथे मुद्दाम सांगतो. लंडनमध्ये २०१७ साली ऑर्बिटा नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्थिर अंजायनाच्या २०० रुग्णांना आधी गोळ्या नीट लावून दिल्या. मग अर्ध्यांना स्टेंट घातला आणि अर्ध्यांना स्टेंट घातल्याचा हुबेहूब देखावा केला. ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत जो फरक पडला तो इतका थोडा होता की त्यावरून ठामपणे काही म्हणता येईना. हृदयरोगतज्ज्ञांत मोठी खळबळ माजली. त्याच गटाने २०२३ साली अंजायनाच्या गोळ्या थांबवलेल्या रुग्णांवरचा अभ्यास छापला, तेव्हा स्टेंटने दुखणं खरोखर कमी होतं हे दिसलं. हार्ट अ‍ॅटॅक चालू असताना केलेल्या अँजिओप्लास्टीचा याच्याशी संबंध नाही. तिने जीव वाचतात हे सिद्ध झालेलं आहे. सांगायचं ते असं की स्टेंटला जो कस लावला तोच अर्जुनाला लावायचा. जास्त कडकही नाही आणि आयुर्वेदाचं म्हणून सैलही नाही.

असा कस लावणं ही काही परदेशातून आणलेली गोष्ट नाही. आपल्या शेजारच्या मुंबईत शंभर वर्षांपासून ती परंपरा आहे, आणि तिच्याबद्दल मराठी वाचकाला फारच कमी सांगितलं गेलं आहे. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. के. एस. म्हसकर आणि फादर कायस यांनी सर्पदंशावर सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती एकेक करून तपासल्या. १९३१ साली त्यांनी लिहिलेला निष्कर्ष कटू होता : नाग-घोणसाच्या विषावर त्यांतली एकही चालत नाही. देशी औषधांवर माया असलेल्या माणसांना असं लिहायला किती जड गेलं असेल! पण ते लिहिलं गेलं म्हणून मुळी उगाळण्यात वेळ न घालवता माणूस प्रतिविषाच्या इंजेक्शनापर्यंत लवकर नेला पाहिजे, हे ठामपणे सांगता आलं. याच दोघांनी आयझॅक्स यांच्याबरोबर १९३० साली अर्जुनाच्या प्रजातीतल्या आपल्याकडच्या झाडांच्या वाळलेल्या सालींचा तौलनिक अभ्यास छापला. त्याच्या आदल्या वर्षी कलकत्त्याहून चोप्रा आणि घोष यांनी अर्जुनाचं रसायन आणि त्याचे गुण यांवर लिहिलं होतं. म्हणजे अर्जुनाची चौकशी जवळजवळ शंभर वर्षं चालू आहे.

कधी निकाल उलटही लागतो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधा वापरून पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर सर्पगंधा जगभर गेली, १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रेसर्पिनने काही रुग्णांना खोल उदासी येते असं दिसलं आणि चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. गुण सिद्ध झाला तसे अवगुणही उघड झाले, दोन्ही एकाच पद्धतीने. ठाण्याच्या अलीकडचं स्टेशन मुलुंड. तिथल्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात कोलियस या रोपाच्या मुळांतून फोर्स्कोलिन सापडलं. गुजरातेत याच मुळांचं लोणचं घालतात. हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवणारं हे द्रव्य पेशींचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या प्रयोगशाळांचं हत्यार बनलं आणि त्याच्यापासून केलेलं औषध जपानमध्ये रुग्णांपर्यंत पोहोचलं. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी गुळवेलीसारख्या वनस्पती आधुनिक औषधशास्त्राच्या कसोटीवर आणल्या. डहाणूकरांना मराठी वाचक झाडाफुलांवरच्या ललित लेखनामुळे ओळखतो; त्यांचं प्रयोगशाळेतलं कामही तितक्याच प्रेमाने वाचावं असं आहे.

छातीच्या कळेवर लोकौषधातून खरं औषध निघाल्याचं उदाहरण इजिप्तमधलं आहे. तिथे खेल्ला नावाच्या रोपाच्या बियांचा काढा मूतखड्याच्या कळांवर पितात. १९४० च्या दशकात कैरोत प्रा. आनरेप यांच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला अंजायना होता. त्याने मूतखड्यासाठी खेल्ला घेतला आणि छातीचं दुखणंही थांबलं. आनरेपनी ते ऐकून सोडून दिलं नाही, त्यातलं खेलिन तपासलं. त्याने मळमळ फार होई. म्हणून रसायनतज्ज्ञ त्याची रचना बदलत गेले आणि १९६१ साली बेल्जियममध्ये अमिओडारोन तयार झालं. आज आपल्या अतिदक्षता विभागांत हृदयाचे बिघडलेले ठोके आवरायला ते वापरतात. एका माणसाला आलेला गुण ही चौकशीची सुरुवात असते, हे या कहाणीत फार सुरेख दिसतं.

आता अर्जुनावर माणसांवर झालेल्या चाचण्या. या पुस्तिकेचा गाभा तोच आहे, म्हणून इथे थोडा धीर धरा.

१९९४ साली डॉ. द्विवेदी आणि अगरवाल यांचा अभ्यास छापून आला. २० रुग्ण, त्यांतले १५ स्थिर अंजायनाचे आणि ५ अस्थिर अंजायनाचे. स्थिर गटात कळांची संख्या सरासरी निम्म्यावर आली. कॅप्सूलच्या डबीवर हेच वाक्य निरनिराळ्या शब्दांत येतं. त्याच अभ्यासातलं दुसरं वाक्य डबीवर कधी येत नाही : अस्थिर अंजायनाच्या रुग्णांत लक्षणीय फरक पडला नाही. अस्थिर अंजायना म्हणजे बसल्या जागी, विनाकारण, वाढत्या जोराने येणारी कळ, अ‍ॅटॅकच्या उंबरठ्यावरची. अर्जुनाच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या अभ्यासातच ही नोंद आहे, हे ध्यानात ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास इंदूरचा. डॉ. अनिल भराणी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली इंडियन हार्ट जर्नलमध्ये तो छापला. स्थिर अंजायनाचे ५८ पुरुष रुग्ण. प्रत्येकाने आळीपाळीने तीन गोष्टी घेतल्या, प्रत्येक एक आठवडा : अर्जुनसालीचा अर्क ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, सॉर्बिट्रेटच्या कुळातलं आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, आणि औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. मध्ये किमान तीन दिवसांची सुटी. कोणत्या आठवड्यात काय चालू आहे ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. प्लासिबोवर ट्रेडमिलवरचा वेळ सरासरी पावणेपाच मिनिटांच्या आसपास होता; अर्जुनावर तो सहा मिनिटांच्या थोडा वर गेला. कळाही कमी आल्या. नायट्रेटच्या तोडीचा परिणाम दिसला.

हा निकाल मी मनापासून चांगला मानतो. प्लासिबोशी तुलना आहे, दोन्ही बाजूंनी डोळे बांधलेले आहेत, मोजायला ट्रेडमिल आहे. त्याच वेळी मर्यादाही पाहा. एकच केंद्र, ५८ माणसं, बाई एकही नाही, आणि औषध फक्त एक आठवडा. अंजायना माणसाला वीस वर्षं साथ करतो. आठवडाभरात जिना चढणं सोपं झालं, यावरून पाच वर्षांत अ‍ॅटॅक कमी येतील का, माणूस जास्त जगेल का, हे कळत नाही. आणि तपासला तो ठरावीक मात्रेचा अर्क, आजींच्या पुड्यातला भुगा नव्हे.

छोट्या अभ्यासाचा निकाल मोठ्या अभ्यासात टिकतोच असं नाही, हे अर्जुनाच्याच बाबतीत घडलं आहे. याच इंदूरच्या गटाने १९९५ साली हृदय अतिशय अशक्त झालेल्या १२ रुग्णांवर अर्जुन देऊन चांगली सुधारणा नोंदवली होती. त्यावर वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. मौलिक आणि सहकाऱ्यांनी जुन्या हृदय-अशक्ततेच्या १०० रुग्णांवर, नेहमीच्या औषधांच्या जोडीला, सालीचा पाण्यातला अर्क ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ आठवडे देऊन पाहिला. २०१६ साली निकाल आला. हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता वाढली नव्हती. जयपूरच्या २००१ च्या अभ्यासात मात्र १०५ रुग्ण होते; त्यांतल्या ज्या गटाला महिनाभर रोज ५०० मिलिग्रॅम सालीची भुकटी दिली त्याचं वाईट कोलेस्टेरॉल जवळपास १६ टक्क्यांनी उतरलं. हा निकाल उत्साह वाढवणारा आहे. पण कोलेस्टेरॉल उतरवण्यात आजच्या स्टॅटिन गोळ्या याहून कितीतरी पुढे आहेत आणि अ‍ॅटॅक कमी होतात हे त्यांच्याबाबतीत लाखो रुग्णांवर दिसलेलं आहे.

मोठा अभ्यास म्हणजे किती मोठा? अ‍ॅटॅकमध्ये ऍस्पिरिनने जीव वाचतो हे १९८८ च्या आयसिस-२ या अभ्यासाने पक्कं केलं. त्यात १७,१८७ रुग्ण होते. ऍस्पिरिनचं मूळही झाडाच्या सालीतलंच, युरोपातल्या विलोच्या. आयसिस-२ छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांनी वय, आजार असे पोटगट पाडून निकाल द्यायला सांगितलं, तेव्हा संशोधकांनी राशींप्रमाणेही गट पाडून दाखवले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ऍस्पिरिनचा उपयोग झालेला दिसत नव्हता! त्यांना दाखवायचं होतं की आकड्यांचे पुरेसे तुकडे केले की निव्वळ योगायोगाने काहीही सिद्ध करता येतं. सतरा हजारांच्या अभ्यासात जर असं होतं, तर वीस जणांच्या अभ्यासावर सगळा भरवसा कसा टाकायचा?

अपायाबद्दल मोजकंच लिहितो, कारण आतल्या प्रकरणात सविस्तर आहे. चाचण्यांत अर्जुनसालीने फार गंभीर त्रास झाल्याचं दिसलेलं नाही. माझी काळजी वेगळी आहे : काढा सुरू केला की लोक गोळ्या सोडतात. स्टेंट घातल्यावर पहिल्या काही महिन्यांत रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या गोळ्या बंद केल्या तर स्टेंट बंद पडून माणूस दगावू शकतो. वॉरफॅरिनसारखं औषध चालू असेल तर कोणतीही वनस्पती जोडीला घेण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आणि डबीत साल सोडून आणखी काय आहे, हेही पाहायला हवं. २००४ साली बोस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आपल्याकडे ग्रंथोक्त पाठाच्या औषधाला परवाना घेताना परिणामकारकतेची चाचणी द्यावी लागत नाही, ग्रंथाचा आधार पुरतो. दुसरीकडे १९५४ च्या जादुई उपचारांविरुद्धच्या कायद्याने हृदयरोग बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. ब्लॉकेज विरघळवून टाकतो असं सांगणारी जाहिरात दिसली की ती देणारा कायदा मोडतो आहे, हे वाचकाने ओळखावं.

माझा निकाल असा. स्थिर अंजायनात, नेहमीच्या औषधांच्या जोडीला, अर्जुनाच्या अर्काने दुखणं काही प्रमाणात कमी होत असावं. पुरावा आशादायक आहे पण थोडा आहे. अ‍ॅटॅक टळतो किंवा आयुष्य वाढतं याला पुरावा नाही. अस्थिर अंजायनात आणि अ‍ॅटॅकमध्ये अर्जुनाला जागा नाही. थोतांड म्हणणाऱ्यांनी इंदूरचा अभ्यास वाचावा, आणि रामबाण म्हणणाऱ्यांनी एम्सचा.

आणि एक मागणी, जी मला फार जवळची आहे. इतक्या घरांत उकळणाऱ्या या सालीवर अजून काही हजार रुग्णांची, बायकांना सामावून घेणारी, काही वर्षं चालणारी चाचणी झालेली नाही, याचं मला वाईट वाटतं. वरळीचं पोदार आयुर्वेद रुग्णालय, परळचं केईएम, ठाणे-कल्याणची रुग्णालयं आणि गल्लोगल्ली दवाखाने चालवणारे वैद्य, एवढी माणसं या पट्ट्यात असताना ती इथेच होऊ शकते. भारतात २००९ पासून अशी प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत आधी नोंदवावी लागते आणि ती कुणालाही मोफत पाहता येते. कुणी अर्जुनाच्या त्यानंतरच्या अभ्यासाचं नाव घेतलं तर त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. तुमच्या डॉक्टरांनी उद्या अशा चाचणीत येता का म्हणून विचारलं, तर घाईने नाही म्हणू नका. आणि आज जे कुणी काढा घेत आहेत त्यांनी पुढच्या भेटीला पुडा, डबी आणि चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या एकाच पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात.